उजवीकडचा कंगोरा

आमच्या भाषेच्या बाई प्रत्येक धडा संपला की विचारतात, या पात्राच्या व्यक्तिमत्त्वाचे कंगोरे सांगा. सगळा वर्ग माना खाली घालतो आणि मी हात वर करते. उत्तर येत असतं म्हणून नव्हे. पण अख्ख्या वर्गात स्वतःच्या हाताने कंगोरा काढलेली मी एकटीच आहे, त्यामुळे त्या शब्दावर माझा थोडा हक्क आहे असं मला वाटतं. गेल्या वर्षीपर्यंत मी हात वर करायचे ते फक्त पंखा लावू का विचारायला. आता बाईच म्हणतात, तू सोडून कोणीतरी.

कंगोरा म्हणजे दाराच्या कडेची नक्षी. कपाटाच्या दाराची कड नुसती चौकोनी ठेवली तर दार खोक्याच्या झाकणासारखं दिसतं. त्याच कडेवर एक बारीक पायरी काढली, पायरीखाली आत जाऊन बाहेर येणारं एक वळण दिलं, की दाराला एकदम चेहरा येतो. हे वळण काढणारं मशीन म्हणजे राऊटर. दोन मुठी धरून लाकडावर फिरवायचा, पोटाखाली त्याचं पातं गरगरतं. आमच्या वर्कशॉपमध्ये त्याला भुंगा म्हणतात. तो सुरू असताना माणसं एकमेकांशी तोंडाने बोलत नाहीत, भुवयांनी बोलतात.

भुंगा मला बाबांनी शिकवला. आधी कितीतरी दिवस नुसता बंद धरायला दिला, मग टाकाऊ तुकड्यांवर. केस बांधायचे, चष्मा लावायचा, कानांवर आवाज अडवणारे ते डबे चढवायचे. भुंगा नेहमी डावीकडून उजवीकडे न्यायचा, म्हणजे तो लाकूड चावत पुढे जातो. उलटा नेला तर हातातून पळतो. एकदम पूर्ण खोल कापायचं नाही, दोन-तीन घासांत भरवायचं. आधी दाराच्या आडव्या कडा, मग उभ्या, कारण आडव्या कडेच्या शेवटी कोपऱ्याची ढलपी उडते आणि उभी कड मारताना ती खूण पुसली जाते. आणि मध्येच एका जागी थांबायचं नाही, लाकूड करपतं. हे सगळं मला कवितेपेक्षा चांगलं पाठ आहे.

मला भुंगा हवा होता. नुसता कधीमधी चालवायला नाही, माझा म्हणून. शाळेतून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी कडांचं जे काम असेल ते माझं, असं. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते, ते 'बघू' म्हणायचे. बाबांचं 'बघू' म्हणजे आमच्या घरातला माळा. तिथे गेलेली वस्तू कधी खाली येत नाही. मी इतकी मागे लागले की शेवटी त्यांनी अट घातली: एका अख्ख्या कामाच्या कडा मी एकटीने मारायच्या. एकही दार वाया गेलं नाही, तर भुंगा माझा. एक जरी गेलं, तर शाळा संपेपर्यंत आत्याच्या हाताखाली पॉलिशपेपर घासायचा, आणि तोंडातून भुंग्याचं नाव काढायचं नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. वर्कशॉपमधलं घासकाम आणि पॉलिश तिच्याकडे. बाबांना बोलणं हे खातंही तिच्याकडेच आहे.

तर ते काम आणलं आत्यानेच. तिच्या एका दाढेवर कॅप बसवायची होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता सांगितलं की दवाखान्याला रंग चाललाय, भिंतीतल्या दोन कपाटांचे सांगाडे ठीक आहेत पण दारं फुगलीत, नवी करायचीत. आत्याने तोंडात कापूस असताना आमच्या वतीने होकार दिला. घरी येऊन एका बाजूने हसत तिने बाबांना सांगितलं, आणि बाबांची दातखीळ बसली.

बाबा दिवसभर फिरत्या पात्यांशेजारी उभे असतात. करवतीला घाबरत नाहीत, रंध्याला घाबरत नाहीत. पण दातांच्या डॉक्टरांची पाटी दिसली की रस्ता ओलांडतात. कित्येक महिने ते एकाच बाजूने चावत होते आणि विचारलं की म्हणायचे, मला तशीच आवड आहे. त्यामुळे माप घ्यायच्या दिवशी त्यांना अचानक आठवलं की डिंकाचा डबा उघडा राहिलाय आणि तो आत्ताच्या आत्ता संपवला नाही तर घट्ट होईल. टेप आणि लिहायला प्लायचा तुकडा घेऊन मला पाठवलं गेलं. माझी छाती इतकी फुगली की दवाखान्याच्या दारातून मी तिरकी आत गेले असेन.

दवाखाना रिकामा होता. मधोमध ती खुर्ची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, दाराकडे तोंड करून. दोन बाजूंच्या भिंतींत दोन कपाटं: एक रुंद, चार दारांचं, समोरचं अरुंद, दोन दारांचं. दोन्ही रिकामी, सगळं सामान खोक्यांत. डॉक्टरीणबाई ठेंगण्याशा, आवाज इतका मऊ की माणूस आपोआप पुढे वाकतो. माझ्या शेजारी दारात उभं राहून त्यांनी सांगितलं की उजवीकडच्या कपाटाला छान नक्षीची कड हवी, तिथे पुस्तकं आणि शोभेच्या वस्तू राहतील. डावीकडच्याची कड मात्र अगदी सपाट, कारण तिथे हत्यारं, खाचेत धूळ बसता कामा नये, एका फडक्यात पुसलं गेलं पाहिजे. मी प्लायवर लिहिलं: उजवं कंगोरा, डावं साधं. रुंद कपाट माझ्या उजव्या हाताला होतं. आणखी काय विचारायचं असतं माणसाने.

बाबांनी दारं बांधली, चौकट आणि मध्ये फळी, फिकट दुधी लाकडाची. आत्या म्हणाली, बरोबर दातांच्या रंगाची आहेत, रोज घासावी लागतील. रुंद कपाटाच्या चारही दारांना मी कंगोरा काढला. कुठे करपलं नाही, कुठे ढलपी नाही, चारही कोपऱ्यांत वळण एकमेकांना असं भेटत होतं जसं दोन जिवलग मैत्रिणी मधल्या सुट्टीत भेटतात. बाबांनी चारही दारांवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. बाबा काही बोलले नाहीत म्हणजे तो पुरस्कार सोहळा असतो. आत्याने पॉलिशचा पहिला हात दिला. मी शाळेत दोन दिवस कोणाशीही साध्या आवाजात बोलले नाही.

मग दारं बसवायचा दिवस आला. बिजागऱ्या माझ्या एकटीच्या हातच्या नव्हत्या, त्यामुळे बाबांना यावंच लागलं. टेंपोत ते बळीचा बकरा कसा बसत असेल तसे बसले होते. दवाखान्यात शिरल्यावर खुर्चीकडे पाठ करून, भिंतीला धरून धरून ते रुंद कपाटाशी पोचले. आम्ही पहिली दोन दारं लावली. डॉक्टरीणबाई बघत होत्या. कौतुक येतंय म्हणून मी चेहरा नम्र करून ठेवला.

त्या म्हणाल्या, दारं सुरेख झालीत, पण कंगोरा भलत्याच कपाटाला गेलाय.

बाबा म्हणाले, बाई, तुम्ही उजवीकडचं सांगितलं होतं, हे उजवीकडचं, आणि दाराकडे पाठ करून, उजवा हात लांब करून त्यांनी रुंद कपाट दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, उजवीकडचंच सांगितलं होतं. मग त्यांनी डावा हात लांब करून अरुंद कपाट दाखवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हे उजवं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातांकडे पाहिलं, एकेक करून.

"उजवं म्हणजे पेशंटचं उजवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आमच्यात दुसरं उजवं नसतंच. माझं उजवं, तुमचं उजवं करत बसलो तर भलतीच दाढ हातात येईल."

बाबा म्हणाले की आमच्यात उजवं म्हणजे कामासमोर उभ्या असलेल्या माणसाचं, दार काय बोलून सांगणार आहे त्याचं उजवं कुठलं. त्यावर त्या म्हणाल्या की तोंडही बोलून सांगत नाही. मी मनात मोजलं: एक नाही, चार दारं गेली होती. कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. रुंद दारं अरुंद सांगाड्याला बसत नाहीत. माझ्यासमोर शाळा संपेपर्यंतचा पॉलिशपेपर भेंडोळीसारखा उलगडत गेला.

डॉक्टरीणबाईंना मात्र मुद्दा पटवून द्यायचा होता. त्यांनी खुर्चीवरचं प्लास्टिक ओढलं आणि बाबांना म्हणाल्या, तुम्ही जरा इथे बसून बघा, म्हणजे लगेच लक्षात येईल. बाबा तावातावात होते, त्यामुळे बसले. बसल्यावर त्यांनी उजवा हात उचलला आणि तो सरळ अरुंद कपाटाकडे गेला. ते हाताकडे बघतच राहिले, जणू तो कोणीतरी उसना दिला होता.

आता पुढे जे झालं त्यात कोणाचाही दोष नव्हता. खुर्चीत माणूस बसलेला दिसला तसा डॉक्टरीणबाईंचा पाय सवयीने खालच्या पट्टीवर पडला. खुर्ची मागे कलली. वरचा दिवा लागला. दिवा डोळ्यांवर आला तसं बाबांनी, कोणी सांगितलं नसताना, तोंड उघडलं.

डॉक्टरीणबाई आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अरे वा."

तुम्हाला सांगते, इतक्या प्रेमाने मी भुंग्याकडेसुद्धा कधी पाहिलं नसेल. क्षणात त्यांच्या हातात मोजे, बोटांत आरसा, आणि बाबांच्या तोंडात कापूस. बाबा खुर्चीचे हात धरून पडले होते. डोळे तेवढे माझ्याकडे होते. आमच्या घराण्यातला एकुलता एक सुतार बोलण्याच्या पलीकडे गेला होता, आणि कपाटांचा प्रश्न तसाच उभा होता. आत्या पॉलिशचे डबे घेऊन वर्कशॉपमध्येच थांबलेली. बोलायला उरले कोण, तर मी.

मी घसा साफ केला. गेल्या वर्षीची मी असते तर पंख्याचं बटण शोधलं असतं. डॉक्टरीणबाई आरशात बघता बघता सांगत होत्या की हत्यारांच्या कपाटाला खाचा चालायच्याच नाहीत, रुंद कपाटाची चारही दारं नवी करावी लागतील. रंग वाळलाय, पेशंटना तारखा दिल्यात. बाबांच्या तोंडातून एक लांब हुंकार निघाला. तेवढं लाकूड आमच्याकडे उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं, त्यांनाही.

तेव्हा मला आत्याची दाढ आठवली. मी विचारलं, दात बाहेरून खराब झाला तर तुम्ही काय करता, नवीनच बसवता का. त्या म्हणाल्या, छे, मूळ चांगलं असेल तर वरून घासायचा आणि कॅप चढवायची.

"मग आपण दारांना कॅप बसवू," मी म्हणाले. "कंगोऱ्याची कड चारी बाजूंनी कापून टाकायची. दार बोटभर लहान होईल. मग त्याच लाकडाची सपाट पट्टी चारी बाजूंनी चिकटवायची, की दार पुन्हा मूळ मापाचं. अरुंद दारं अजून साधी आहेत, त्यांना कंगोरा काढते."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच बाबांच्या तोंडातून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. जोड दिसेल का, त्यांनी विचारलं. मी विचारलं, तुमच्या कॅपचा दिसतो का. त्या म्हणाल्या, माझ्या कॅपचा जोड आजवर कोणाला दिसलेला नाही. मी म्हणाले, मग आमचाही दिसणार नाही. हे वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की ते फार मोठं आहे, पण ते गेलं होतं.

बाबा खुर्चीत अर्धे उठले आणि म्हणाले, "ऊ अओ अऊ."

मला काही कळलं नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना हलकेच परत आडवं केलं आणि सहज सांगितलं, "तू सगळं करू शकशील, असं म्हणतायत."

बाबांनी मान जोरजोरात हलवली. त्या म्हणाल्या, मान हलवू नका, लागेल. मी विचारलं, तुम्हाला नक्की कळलं का. तर म्हणाल्या की माझं अर्धं आयुष्य उघड्या तोंडांशी गप्पा मारण्यात गेलंय, मिटलेल्या तोंडांचंच मला नीट कळत नाही.

बाबांच्या दाढेत तात्पुरतं भरून झालं. टेंपोत बसलो तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता आणि उरलेला अर्धा रागावलेला. पाणी प्यायला गेले ते शर्टवर गेलं. वर्कशॉपमध्ये पोचल्यावर त्यांनी हातवारे करून, सुट्या सुट्या अक्षरांत आत्याला सांगितलं की मी 'तू नको करू' म्हणालो होतो. आत्याने सगळी हकीकत माझ्याकडून ऐकली. मग ती खुर्चीवर बसली आणि पोट धरून हसली. बाबांची बत्तीशी शेवटी उघडली म्हणायची, असं म्हणून पुन्हा हसली. मग डोळे पुसून तिने निकाल दिला.

"अरे, डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग झालं. औषध कडू लागलं तरी घ्यायचं असतं."

बाबांनी हात झटकले आणि करवत सुरू केली. कंगोऱ्याच्या कडा त्यांनी स्वतः कापून काढल्या. माझी वळणं एकेक करून लांब पट्ट्यांसारखी जमिनीवर पडत होती. मी तिकडे पाहिलं नाही असं लिहायला आवडलं असतं, पण मी प्रत्येक पट्टी पडताना पाहिली. मग साध्या पट्ट्या काढून आम्ही तिघांनी डिंक लावला आणि पट्ट्या दाबून धरणारे शिकंजे आवळले. आत्याने त्या दारांकडे बघून सांगितलं, आता उद्या सकाळपर्यंत या बाजूने चावायचं नाही.

राहिली ती अरुंद कपाटाची दोन दारं. खरं संकट तेच होतं. उरलंसुरलं लाकूड पट्ट्यांत संपलं होतं, यातलं एक जरी बिघडलं असतं तर त्याला कॅप नव्हती की काही नव्हतं. बाबा भुंगा घेऊन माझ्या आधी टेबलाशी जाऊन उभे होते. मी हात पुढे केला. त्यांनी भुंग्याकडे पाहिलं, दारांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. आत्या कपाळावर आठ्या घालून डब्यातलं पॉलिश ढवळत होती आणि तिचं आमच्याकडे अजिबात लक्ष नव्हतं, असं ती दाखवत होती. बाबांनी भुंगा माझ्या हातात दिला, पण स्वतः बाजूला झाले नाहीत. त्यांची सावली माझ्या दारावर पडत होती.

पहिलं दार छान गेलं. आडव्या, मग उभ्या, तीन घास. दुसऱ्या दाराची वरची कड मी अर्ध्यावर आणली आणि पुढच्या कोपऱ्याशी मला एक गाठ दिसली. गाठीमुळे लाकडाच्या रेषा वळून कोपऱ्यातून बाहेर पडत होत्या. साध्या कोपऱ्याची ढलपी नखाएवढी उडते आणि उभ्या कडेत पुसली जाते. ही उडाली असती तर कंगोऱ्याच्याही आत, थेट चौकटीत शिरली असती. भुंगा कोपऱ्याकडे चालला होता. एका जागी थांबले तर करपणार, पुढे गेले तर फुटणार. माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात बाबांचा हात वर झालेला दिसला आणि त्यांचं तोंड काहीतरी बोलत होतं.

मी भुंगा लाकडापासून सरळ बाहेर ओढला, बटण बंद केलं आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. मग कानांवरचे डबे काढले.

"तुहडा हाव," बाबा म्हणाले.

आत्या ढवळायची थांबली. तिने विचारलं, काय म्हणतोय हा. मी तुकड्यांच्या खोक्याशी गेले, दाराच्याच जाडीचा एक टाकाऊ तुकडा शोधला, आणि कोपऱ्याला अगदी घट्ट भिडवून शिकंज्याने आवळला. म्हणजे कड जिथे संपते तिथे ती संपलीच नाही, पुढे लाकूड आहेच, असं भुंग्याला वाटावं. फुटायचं ते त्या तुकड्याला फुटेल. तुकडा लाव. दुसरं काय म्हणणार होते ते.

डबे चढवले, बटण दाबलं, जिथे सोडलं होतं त्याच्या जरा अलीकडून पुन्हा शिरले आणि न थांबता कोपरा ओलांडून त्या तुकड्यात गेले. टक्क असं काहीतरी हाताला जाणवलं. आवाज बंद झाल्यावर मी शिकंजा सोडला. तुकड्याच्या टोकाची हाडासारखी एक ढलपी उडाली होती. दाराचा कोपरा शाबूत होता. उरलेल्या घासांना आणि बाकीच्या कडांनाही मी असाच तुकडा लावला. बाबांची सावली केव्हा बाजूला झाली ते माझ्या लक्षात आलं नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हणाले, बाबा, तुमचं 'तुहडा हाव' मला पहिल्या फटक्यात कळलं, आणि मला तर काहीच अनुभव नाही. मग डॉक्टरांना दवाखान्यात जे कळलं ते किती बरोबर असेल, विचार करा. बाबा दातओठ खाणार होते, पण अर्धे ओठ जागेवर नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पट्ट्यांच्या वर आलेल्या कडा भुंग्याने सपाट केल्या. आत्याने दारं अशी घासली की जोडावरून बोट फिरवलं तर बोट न अडखळता पुढे जायचं. डोळ्यांना मात्र, उजेडात तिरकं धरलं तर, एक केसाएवढी रेघ दिसत होती. आत्या म्हणाली, दिसू दे, मला माझ्या दाढेचीही जिभेला लागते. पॉलिशचे दोन हात झाले आणि आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. यावेळी आत्याही आली, तमाशा चुकवायचा नाही म्हणून.

रुंद कपाट सपाट, अरुंद कपाट कंगोऱ्याचं. दारं बसली, उघडली, मिटली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावला. फडकं घेऊन रुंद कपाट पुसलं, एकाच हातात. मग खिशातून ते टोकदार हत्यार काढलं, ज्याने त्या दातांतली कीड शोधतात, आणि त्याचं टोक पट्टीच्या जोडावर ठेवून हळूहळू खाली आणायला लागल्या. पहिलं दार. दुसरं दार. बाबांनी नकळत स्वतःचा गाल धरला होता. तिसऱ्या दारावर टोक बारीकसं थबकलं.

"इथे जरासं लागतंय," त्या म्हणाल्या.

बाबांचा चेहरा आता पूर्ण जागा झाला होता. ते पुढे आले आणि म्हणाले की बाई, तो डिंकाचा थेंब आहे, जोड नाही. त्यांनी नखाने थेंब काढला आणि मग, सगळ्यांच्या देखत, सांगितलं: "जोड पक्का आहे. कडा हिने मारल्यात."

डॉक्टरीणबाईंनी टोक पुन्हा फिरवलं. नाही अडकलं. त्या म्हणाल्या, झकास, सहा महिन्यांनी एकदा दाखवायला आणा. दारं का मी, बाबांनी विचारलं. त्या म्हणाल्या, दारं सहा महिन्यांनी, तुम्ही पुढच्या आठवड्यात, ते भरलेलं तात्पुरतं आहे.

परतताना बाबा टेंपोत खिडकीशी बसले. मी मुद्दाम काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'बघू' म्हणाले असते. वर्कशॉपच्या वळणावर ते, जणू हवेशी बोलतायत असे, म्हणाले की पुढच्या आठवड्यात त्या दाढेपायी आपली अख्खी दुपार जाणार. आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कपाटाच्या दारांच्या कडा व्हायच्यात. कंगोऱ्याच्या. कोणाला तरी माराव्या लागतील.

"कोणाला तरी म्हणजे?" मी विचारलं.

"भुंगा ज्याचा आहे त्याला," बाबा म्हणाले, आणि लगेच खिडकीतून बाहेर बघायला लागले.

आत्याने मला कोपराने इतक्या जोरात ढोसलं की बरगडी अजून दुखतेय. तर आता तो भुंगा माझा आहे, आणि मी त्याची मूठ रोज पुसते. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाबांच्या आणखी दोन दाढा संशयास्पद आहेत, त्यांनाही वेळ द्यावा लागेल, कदाचित बऱ्याच दुपारी. बाबा नाही म्हणतायत. मी मात्र पूर्णपणे डॉक्टरांच्या बाजूची आहे.